कपाटात बसून वाजवलेल्या शिट्ट्या

“त्या भारतीय काकांची शिट्टी सुरू झाली ना, की माझे कान दुखतात.”

कॉफीचे कप विसळता विसळता निशिमुरा-सानच्या पत्नी शेजारच्या बाईंना हळूच म्हणाल्या. बोलणं अर्थात जपानीत होतं. मी पडद्याच्या अलीकडे उभी होते. थंडीत बासरीसारख्या उभ्या लाकडी शिट्टीच्या तोंडात श्वासाचं पाणी साठतं, ते टिपायला मला कागदी रुमाल हवा होता. मी पडदा सरकवला तशा दोघी दचकल्या, मग कमरेतून वाकल्या. “अनाघा-सान, आज किती सुरेख वाजवलंत!” मीही वाकले आणि रुमाल न मागताच परत फिरले. कान दुखवणारी ती शिट्टी माझ्याच हातात होती आणि थोड्या वेळापूर्वी ती मीच वाजवली होती. तोंड लपवायला जागा असती तर बरं झालं असतं.

बाहेर वैशंपायन काका टेबलाच्या मधोमध बसले होते. त्यांच्यापुढे छत्रीच्या कापडी खोळीतून काढलेल्या पाच शिट्ट्या ओळीने मांडलेल्या होत्या. “धिस वन, निशिमुरा-सान, व्हेरी ओपन व्हॉइस,” असं म्हणून ते स्वतःच मोठ्यांदा हसत होते. निशिमुरा-सान मान डोलावत होते. ते पेशाने दातांचे डॉक्टर. महिन्यातल्या एका रविवारी बायकोच्या या कॉफीच्या दुकानात पाच-सहा मित्रांना जमवून ते आयरिश नाचाच्या धुना व्हायोलिनवर वाजवत. काकांनी पुढे केलेली शिट्टी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, उलटीसुलटी पाहिली, “सुबाराशिई” म्हणाले, म्हणजे अप्रतिम. आणि ती न वाजवता तशीच हळूच टेबलावर ठेवून दिली.

काकांना या गोष्टीचं काही वाटलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

त्सुकुबाला तेव्हा रेल्वे नव्हती. त्सुचिउरा स्टेशनजवळच्या त्या दुकानात आम्ही बसने जात असू. त्सुकुबात सगळ्या संशोधन संस्था, रुंद रस्ते आणि सायकली. मी तिथे वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते, आणि काका एका संस्थेत यंत्रांच्या कंपनांवर काम करत. उभं आयुष्य चालत्या इंजिनांजवळ उभं राहून गेलं, असं ते अभिमानाने सांगत. वय पंचावन्नच्या पुढे. अंगाने आडवे. बाराही महिने बिनबाह्यांचा एकच विटकरी स्वेटर. सायकलच्या पुढच्या टोपलीत ती छत्रीची खोळ. रस्त्याने जाताना दिसेल त्या लाकडावर ते नखाने टकटक करत. दुकानाच्या काउंटरवर, बाकावर, देवळाच्या खांबावरसुद्धा. एकदा एका शेतकऱ्याच्या पर्सिमनच्या झाडावर टकटक करताना त्याने पाहिलं. काकांनी इतक्या प्रेमाने त्याची चौकशी केली की त्याने पिशवीभर फळं दिली, वर वाळायला टाकलेली एक फांदीही.

त्यांची-माझी ओळख दिवाळीच्या जेवणात झाली. त्सुकुबातली मराठी कुटुंबं वस्तीतल्या सभागृहात जमली होती. मी ठाण्याच्या कॉन्व्हेंटातली. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं, आकडे इंग्रजीत आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की दोन्ही भाषा गायब. मी चपलांच्या मांडणीजवळची जागा धरून बसले होते. काका समोर येऊन मांडी घालून बसले.

“नाव काय तुझं?”

मी सांगितलं.

“काय?”

मी पुन्हा सांगितलं.

“तोंडात लाडू आहे का?”

सगळे हसले. माझे कान तापले. “तुम्ही इंग्लिश मिडियमच्या मुली तोंडातल्या तोंडात पुटपुटता,” काका म्हणाले. “घशाला काही खर्च आहे का? मोठ्याने बोल!” मग बहुधा माझी कीव येऊन त्यांनी विचारलं, “कॉन्व्हेंटात ती प्लास्टिकची बासरी शिकवतात ना? येते तुला?”

मी मान हलवली. येत होती. शाळेत सहा वर्षं मी रेकॉर्डर नावाची ती बासरी वाजवली होती, कारण समूहगीतात तोंड उघडायची मला लाज वाटे.

“मालू, सापडली गं!” ते सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या काकूंना ओरडून म्हणाले. “वाजवणारी सापडली!”

शिट्ट्यांचं वेड त्यांना एका आयरिश मुलामुळे लागलं होतं. तो शेजारच्या प्रयोगशाळेत होता. मायदेशी परतताना त्याने आपली पत्र्याची शिट्टी काकांना आठवण म्हणून दिली. काकांनी दुसऱ्याच दिवशी ती करवतीने उभी चिरली. “आत काय आहे ते नको का बघायला?” आत काहीच नव्हतं, आणि याच गोष्टीने ते खुळावले. हवेची एक चपटी वाट, तिच्यापुढे एवढीशी खिडकी, खिडकीच्या काठाला धार. त्या धारेवर श्वास चिरला की सूर. बाकी सगळी पोकळी. “लाकडाला आवाज नसतो गं,” ते म्हणत. “आवाज पोकळीचा. आपण फक्त पोकळीला कपडे शिवतो.” मग प्रत्येक लाकूड वेगळं वाजतं असंही तेच शपथेवर सांगत. दोन्हींतलं खरं काय, असं विचारायची माझी छाती नव्हती.

सरकारी घराच्या सामानाच्या खोलीत त्यांनी लाकूड कातायचं छोटं लेथ यंत्र बसवलं होतं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याखाली जुन्या गाद्या. लाकडाचा भुसा ते जाळायचा कचरा उचलायच्या दिवशी इतक्या व्यवस्थित पिशव्या बांधून ठेवत, की वस्तीतल्या कचऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या आजी एकदा काकूंना म्हणाल्या, “तुमच्याकडे कुणी सुतार आहे का?” काकू म्हणाल्या, “सुतार असता तर एखादं कपाट तरी झालं असतं घरात.”

मालूकाकूंचा आवाज जाड आणि घुमणारा. आतल्या खोलीतून बोलल्या तरी भिंतीला ऐकू जाईल असा. शिट्ट्यांवर त्यांचा राग नव्हता, पण कौतुकही नव्हतं. “कुकरची शिट्टी बरी,” त्या म्हणत. “तीन झाल्या की गॅस बंद करता येतो. यांचा गॅस कुठून बंद करायचा?”

काकांनी शिट्ट्यांना नावं दिली होती. पहिली वहिली आक्का. ती त्सुगे नावाच्या पिवळसर लाकडाची. त्याचे जपानात कंगवे करतात. आक्काला अगदी थोडा श्वास पुरे. खालचे सूर मऊ, आणि जरासा श्वास वाढवला की ती न कुरकुरता वरच्या सप्तकात जाई. चेरीच्या लाकडाचा बंडू घोगरा. त्याच्या सुरात कायम थोडी हवा मिसळलेली, पण बोटं त्याच्यावर भराभर चालत. नाचाच्या धुनांतल्या हरकती काढाव्यात तर त्याच्यावरच. शिसवीचा मामलेदार जड. खालचा ‘रे’ असा भरून येई की छातीत वाजल्यासारखा वाटे, पण वर न्यायचा तर गाल दुखत. “मामलेदार अर्ज केल्याशिवाय वर जात नाहीत,” काका म्हणत. आणि वाक्य पुरं व्हायच्या आत स्वतःच हसून घेत.

या तिघांची तुलना हा त्या घरातला रविवारचा कार्यक्रम होता. वाजवणारी दिसली की ऐकणारा डोळ्यांनी ऐकतो, असं काकांचं म्हणणं. म्हणून त्यांनी मला कपाटात बसवलं. ताताम्यांच्या, म्हणजे जाड गवती चटयांच्या, खोलीत रजया ठेवायचं, सरकत्या दाराचं मोठं कपाट असतं. त्याचा खालचा कप्पा रिकामा करून त्यात माझ्यासाठी उशी ठेवली. दार चार बोटं उघडं. मी आत गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि एकच धून प्रत्येक शिट्टीवर वाजवायची. बाहेर जेवायला बोलावलेले एक-दोन विद्यार्थी आणि काकू. मला ते कपाट फार आवडायचं. त्या अंधारात डांबरगोळ्यांचा वास, समोर उजेडाची एक पट्टी, आणि माझ्याकडे बघणारं कुणी नाही. जपानातल्या चार वर्षांत मी सगळ्यांत निर्धास्त कुठे होते असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर देताना मला आजही ओशाळं वाटेल.

“पहिली कोण?” काका बाहेर विचारत.

“आक्का,” काकू म्हणत. “आणि तीच चांगली. आता जेवा.”

दर वेळी आक्काच पहिली येई.

त्या थंडीत एक गंमत झाली. लाकूड तडकू नये म्हणून शिट्टीला आतून तेल लावतात. जपानी माणसं कंगव्यांना कॅमेलियाच्या फुलझाडाचं तेल लावतात, हे काकांना माहीत होतं. पण घरात पुण्याहून आणलेलं खोबरेल होतं. “आपल्या तेलाने काय घोडं मारलंय?” म्हणून त्यांनी सगळ्या शिट्ट्यांना ते सढळ हाताने चोपडलं. रविवारी गार बसमधून आम्ही त्सुचिउराला पोचेपर्यंत ते थिजलं. निशिमुरा-सानच्या मंडळींनी धून सुरू केली, काकांनी मला मानेने खूण केली, मी फुंकलं, आणि काहीच आलं नाही. दुसरी घेतली. तीही मुकी. हवेची वाट पांढऱ्या मेणासारख्या तेलाने गच्च भरली होती. मंडळी माझ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागली. मी लाल होऊन फुंकतेच आहे. शेवटी काकांनी सगळ्या शिट्ट्या रॉकेलच्या शेगडीपुढे उभ्या केल्या. हळूहळू त्या सबंध दुकानाला आपल्याकडच्या न्हाणीघराचा वास सुटला. एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, “हा तर सुट्टीतल्या समुद्राचा वास!” तिकडे समुद्रावर उन्हात अंगाला लावायच्या तेलाला खोबऱ्याचाच वास असतो. काका खूष. पुढे कितीतरी दिवस ते सांगत, “बघ, आपल्या तेलाने त्यांना समुद्रावर नेलं.” मी मात्र त्या दिवशी परतताना बसच्या काचेला नाक लावून बसले होते. त्यांना न आलेली लाजही माझ्याच वाट्याला आल्यासारखी.

काकांना लाज नव्हतीच, असं मी तेव्हा समजत असे. ते कुणाशीही बोलत, कुठेही बोलत आणि बहुतेक वेळ तेच बोलत. समोरच्याने काही म्हटलं की “बरोबर, बरोबर” म्हणत आणि पुढे सुरू. मला मात्र दर भेटीत ऐकावं लागे, “काय पुटपुटतेस? ही मुलगी म्हणजे आवाज बंद केलेला टीव्ही आहे.” ते प्रेमानेच म्हणत. पण माझ्या आवाजाची मला आधीच लाज होती, ती त्यांनी वाढवली. घरी आरशापुढे उभी राहून मी माझंच नाव मोठ्याने म्हणून बघायची आणि लगेच नळ सोडायची, शेजारच्या खोलीत ऐकू जायला नको म्हणून.

मग नव्या शिट्ट्या आल्या. त्यांना नावं नव्हती. काका त्यांना ‘नव्या’च म्हणत. आक्का आता त्यांना दबलेली वाटायला लागली होती. “गोड आहे, पण बुरख्यात बोलते,” ते म्हणत. “मला खुला आवाज हवा.” म्हणून ते खिडकी मोठी करत आणि धार आणखी तासत. नव्या शिट्ट्यांचे खालचे सूर जरा श्वास चुकला की तडकत. वरचे सूर सुईसारखे. सगळ्यांत वरचा ‘सा’ लावला की माझ्या दाढेत कळ जाई. कपाटात तर तो रजयांनाही भोसकून परत येई. बाहेर बसलेले विद्यार्थी घाईने हात वर करून सांगत, “आक्का! आक्का!”

“आक्का गरीब आहे म्हणून तुम्ही सगळे तिच्या बाजूने,” काका म्हणत. मग कपाटाकडे वळून, “आणि तू नव्या घाबरत फुंकतेस. घाबरलेल्या श्वासाने शिट्टी किंचाळणारच.”

मला ते खरं वाटलं. माझ्याच श्वासात खोट असणार. घाबरण्याच्या बाबतीत मला कुणीही काहीही म्हणावं आणि मी मान्य करावं, असंच होतं.

जानेवारीत एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. काकू बाजारात गेल्या होत्या. काका सामानाच्या खोलीत माझ्याकडे पाठ करून बसले होते. खिडकीच्या उजेडात एक शिट्टी डोळ्यांपाशी धरून तिची धार न्याहाळत होते. त्यांच्या डाव्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर वाजत होता. बारीक, टोकदार, पुन्हा पुन्हा. मी उंबऱ्यातून “काका” म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. ते घड्याळ त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. ते वाजत राहिलं आणि काका शांतपणे धारेवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी शिट्टी ओठाला लावली आणि वरचा ‘सा’ लावला. मी दोन्ही कानांवर हात दाबले. काकांनी डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू लांबून कुणाची हाक ऐकू यावी आणि ती ओळखीची निघावी.

वळल्यावर त्यांनी मला पाहिलं. मी घाईने कानांवरचे हात केसांवर नेले.

“आलीस? मांजरीसारखी येतेस. हाक मारायला काय होतं?”

घड्याळ अजून वाजतच होतं.

मला कळलं ते एकदम कळलं. वरचे, बारीक सूर फार कर्कश झाल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. काकूंचा आवाज जाड, तो पोचे. पुरुषांचे पोचत. माझा बारीक आवाज त्या घड्याळाच्या जातीचा. जो आवाज त्यांना दबलेला वाटत होता, तो आम्हाला गोड होता, आणि जो त्यांना आत्ता कुठे खुला ऐकू येऊ लागला होता, तो निशिमुरा-सानच्या पत्नींचे कान दुखवत होता. तेवढ्यात माझ्या मनात पहिलं काय आलं? की माझा आवाज काही इतका लहान नाही. मला हलकं वाटलं. एका माणसाचे कान जात होते आणि मला त्याच्यासमोर उभं राहून हलकं वाटत होतं. त्या क्षणाची शरम अजून माझ्या अंगाला चिकटून आहे.

काकांना स्वतःला माहीत होतं का? मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, अर्धं माहीत होतं. उरलेलं अर्धं ते माझ्यावर ढकलत. चारचौघांत मी काही बोलले आणि ते त्यांना कळलं नाही, की “ही पुटपुटते” म्हणून ते हसत. लोकही हसत आणि तिथे तो विषय संपे. माझं लाजरेपण त्यांच्या कामी येत होतं. जानेवारीनंतर मी मुद्दाम मान खाली घालून उभी राहू लागले, म्हणजे सगळ्यांना ते आणखी पटावं. एवढंच काय ते मी त्यांच्यासाठी करू शकत होते.

पण फेब्रुवारीत काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. थालीपीठ थापता थापता, आवाज शक्य तितका खाली आणून त्या म्हणाल्या, “संस्थेचं पत्र आलंय. आणखी तीन वर्षं राहा म्हणतात. हे नाही म्हणणार आहेत.”

“का?”

“शिट्ट्या करणार म्हणे! पुण्याला जाऊन. खोली बघून ठेवली आहे. नोकरी नाही, काही नाही. तोक्योच्या कुठल्याशा दुकानाला नमुने दाखवणार. सोमवारी सही करून देणार नकारावर.” त्यांनी पीठ लागलेला हात माझ्या हातावर ठेवला. “मला त्यातलं काही कळत नाही. माझे कान साधे. तू वाजवतेस. तू मला खरं सांग, आयुष्य त्यावर टाकावं इतक्या चांगल्या आहेत का त्या?”

“आक्का चांगली आहे,” मी म्हटलं.

“आक्कासारख्या करताहेत कुठे आता? नव्याच दाखवणार आहेत.”

काकांचं गुपित काकूंना सांगणं म्हणजे चुगली, असं वाटलं. सांगायचं तर त्यांनाच सांगायला हवं होतं. मी प्रयत्न केला. बसमध्ये शेजारी बसून म्हटलं, “काका, तुमचे कान...” ते म्हणाले, “हो गं, टोपी विसरलो, वारा फार बोचरा आहे.” फोनवर तर ते फक्त स्वतः बोलत. लिहून द्यावं म्हणून इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, तर त्या डॉक्टरच्या दाखल्यासारख्या दिसायला लागल्या. शिवाय आलेला कुठलाही कागद काका चष्मा चढवून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत. खरी अडचण एवढीच होती, की त्यांना हे सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार होतं. आणि ओरडून सांगितलेली गोष्ट एकट्याला सांगता येत नाही.

शेवटचा रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सोमवार. काकू घरीच राहिल्या. काकांनी त्या दिवशी विटकरी स्वेटरवर कोट चढवला होता. निशिमुरा-सानच्या मंडळींच्या दोन-तीन धुना झाल्यावर ते उभे राहिले आणि जपानी-इंग्रजी मिसळून त्यांनी जाहीर केलं, की मार्चनंतर ते नोकरीत नसतील. आता पुण्यात फक्त शिट्ट्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी हळू, बोटांच्या टोकांनी. “सुबाराशिई,” निशिमुरा-सान म्हणाले. काकांनी सगळ्यांत नवी शिट्टी त्यांना भेट दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी कपाळाला लावल्यासारखी उचलली, आणि व्हायोलिनच्या पेटीत ठेवून पेटीचं झाकण लावलं. काउंटरमागे त्यांच्या पत्नी खाली बघत होत्या. तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. काकांना चांगलं वाटावं म्हणून प्रत्येक जण झटत होता. आणि या सगळ्या सभ्य माणसांच्या मधोमध ते एकटेच, तोंडभर हसत उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

ते माझ्याकडे वळले. “आता हिचं मत. सगळ्या शिट्ट्या हिनेच वाजवल्यात. सांग गं, तोक्योला कोणती नेऊ?”

“आक्का न्या,” मी म्हटलं.

“काय?”

“नव्या नका नेऊ, काका.”

“पुटपुटू नकोस बाई, आज तरी!” त्यांनी हसत लोकांकडे पाहिलं आणि नेहमीसारखी लोकांनीही हसायची तयारी केली. मी मान खाली घातली असती तर तिथेच संपलं असतं. पण त्यांनी हाताचा तळवा कानामागे धरला होता. इतक्या दिवसांत त्यांनी तसं कधीच केलं नव्हतं. हसू तसंच होतं, डोळे मात्र माझ्या ओठांवर खिळले होते, आणि त्यांत असं काही होतं की मला वाटलं, हे विचारत नाहीयेत, हे मागताहेत.

दुकानात मराठी कळणारी आम्ही दोघंच होतो, हे मला त्या क्षणी सुचलं. मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे पडली. कपांचा आवाज थांबला, सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. आणि ज्या आवाजाने मी तोवर कधी कुणाला हाकसुद्धा मारली नव्हती त्या आवाजात, त्या शांत दुकानाच्या मधोमध, मी ओरडले,

“काका, नव्या शिट्ट्या किंचाळतात! तुम्हाला ते ऐकू येत नाही! उद्या सही करू नका, आधी कान दाखवा!”